दवलीचा दांडा

भाऊबीजेला मी बहिणीला पाकीट देतो. तिचं लग्न झालं त्या वर्षापासूनचा, म्हणजे एकवीस वर्षांचा हा शिरस्ता. तिने ओवाळायचं, मी तबकात पाकीट टाकायचं, तिने ते न उघडता फ्रिजवर ठेवायचं आणि पानं घ्यायची. हल्ली पाकिटावर रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं मिळतं, त्यामुळे सुटा रुपया शोधायचाही त्रास नाही. जेवायचं, जरा लवंडायचं, आणि संध्याकाळी पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली.

गेल्या चवथीला हे बिनसलं. तिच्या सासरचा गणपती दीड दिवसाचा, आमचा पाच दिवसांचा, त्यामुळे आमच्या विसर्जनाला ती माहेरी असते. गणपती पोचवून आलो आणि मी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगलेली चौकट, उतरवायला शिडीवर चढलो. बहीण शिडी धरून खाली उभी. वरून मी एकेक सोडून देत होतो आणि ती टोपलीत घालत होती. सुपारीचा घड, तोरिंगण, आंबाड्यांचे घोस, पिकून मऊ पडलेला चिबूड, घागऱ्यांच्या वाळत आलेल्या शेंगा. मध्येच म्हणाली, "दादा, यंदा पाकीट नको. तुझ्या हाताने काहीतरी करून आण. विकतचं चालणार नाही."

शिडी तिच्या हातात होती. मी हो म्हटलं.

आता माझे हात म्हणजे काय, तर अठ्ठावीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर टेकलेले हात. त्यांनी सही येते, चहाचा कप धरता येतो. माझ्या आईचे हात वेगळे. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि अजूनही टीव्ही बघता बघता अबोलीची फाती, म्हणजे गजरा, विणते, नजर मालिकेत आणि बोटं केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात. दोरा आधी पाण्यात बुडवून मऊ करायचा, मग दोन फुलं इकडे, दोन तिकडे, वर एक वेढा, आणि तो वेढा असा की फुलाचा नाजूक देठ तुटत नाही आणि सुटतही नाही. मी एकदा प्रयत्न केला होता. पंधरा फुलांचे पंधरा देठ तोडले. आई काही बोलली नाही, पण तिने परडी स्वतःकडे ओढून घेतली.

मुलगी दहावीत आहे. तिने मोबाईलवर मला 'पाच मिनिटांत करा सुंदर भेटवस्तू' छापाचे वीसेक व्हिडिओ काढून दिले. ते मी इमानदारीने बघितले. त्यात एक हात असतो, फक्त हात, तोंड कधी दिसत नाही. त्या हाताला कात्रीने वाकडं कापणं माहीत नाही आणि त्याचा फेव्हिकॉल कधी बोटाला चिकटत नाही. बाकी 'टाकाऊतून टिकाऊ' या प्रकाराविषयी माझं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, बाटलीवर गुंडाळलेली सुतळी, सीडीवर चिकटवलेले आरसे. टाकाऊतून जे होतं ते बहुतेक वेळा पुन्हा टाकाऊच असतं, फक्त आता त्याला चमकी लागलेली असते आणि देणाऱ्याच्या भीतीने ते टाकता येत नाही.

तरी मी एक तयार कीट मागवलंच. रेझिनचे कोस्टर. दोन बाटल्या, एक साचा, थोडी सुकलेली फुलं. दोन द्रव मोजून मिसळायचे, ओतायचे, चोवीस तासांत दगड. भाद्रपदातल्या आमच्या हवेत ते तीन दिवसांनीही दगड झाले नाहीत. माप चुकलं की दमटपणा नडला, देव जाणे. त्यातल्या एकावर मुलीने विसरून पेला ठेवला, तो कोस्टरसकट उचलला गेला आणि दोन घोट पाणी पिऊन होईपर्यंत खाली पडला नाही. हे बहिणीला नेऊन देणं म्हणजे कायमचं हसं.

मग मी विचार करायला लागलो की आमच्या घरातून आजवर हाताने केलेलं काय दिलं गेलं? आठवलं ते बहिणीच्या पहिल्या चवथीचं ओझं. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेराहून सासरी ओझं जातं, हे गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, ते खरोखरच ओझं असतं. आई आणि वाड्यावरच्या पाच-सहा बायका तीन दिवस आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. नेवऱ्या (म्हणजे करंज्या), लाडू, चकल्या, शंकरपाळे. एक लाटतेय, एक भरतेय, एक कातण्याने कडा कापतेय, आणि शेगडीपाशी आई, कारण तळण ती कोणाच्या हाती देत नसे. पाचशेच्या वर नेवऱ्या झाल्या. त्या मोजायचं काम माझं होतं, म्हणून आकडा लक्षात आहे. टेम्पो करून मी ते सगळं कोंड्याच्या, म्हणजे बांबूच्या, पांटल्यांत (टोपल्यांत) भरून पेडण्याला नेलं. तिच्या सासूबाईंनी दोन दिवसांत घरोघर वाटून टाकलं. काही उरलं नाही. आणि आठवड्याने पांटले परत आले ते रिकामे आले नाहीत. एकात सोलं (आमसुलं) होती, एकात तांदूळ. भांडं रिकामं परत करत नाहीत.

त्याला तेव्हा कोणी भेटवस्तू म्हटलं नव्हतं, आणि हस्तकला तर नाहीच.

असो. पाचशे नेवऱ्या मला जमण्यातल्या नव्हत्या. पण एवढं ठरलं की शोकेसमध्ये ठेवायचं काही करायचं नाही. तिच्या शोकेसमध्ये आधीच दोन ताजमहाल आहेत.

नारळ घरचा होता, तेव्हा करवंटीपासून सुरुवात केली. पहिला बेत मेणबत्तीचा. अर्धी करवंटी, मधे वात, मेण ओतलं की झालं. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही हे मला माहीत होतं. मोठ्या टोपात पाणी, त्यात छोटं भांडं, त्यात मेण, असं शहाण्यासारखं वितळवलं. वात पेन्सिलीला बांधून करवंटीवर आडवी टांगली. मेण ओतलं, हात झटकले, चहा प्यायला गेलो. परत आलो तर करवंटी रिकामी आणि मेण टेबलावरून ओघळून आईच्या पाटावर. करवंटीला तीन डोळे असतात. त्यांतले दोन घट्ट मिटलेले आणि तिसरा मऊ, त्यातूनच नारळाचा कोंब बाहेर येतो. मी नेमकी तीच वाटी घेतली होती.

आई पाट खरवडत म्हणाली, "दोळ्यांची कट्टी कोण घेता रे?"

(आमच्या घरात बोलणं कोकणी आणि लिहिणं-वाचणं मराठी. डिचोली-पेडण्यात अशी घरं पुष्कळ. म्हणून आईचं बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.)

कट्टी म्हणजे करवंटी. आणि पाट खरवडता खरवडताच तिने सांगितलं की दवलीला, म्हणजे करवंटीच्या डावाला, नेहमी बिनडोळ्यांची वाटी घेतात. पूर्वी आमच्याकडे दवल्या घरीच व्हायच्या, आजोबा करायचे, पेजेची वेगळी, कालवणाची वेगळी. स्टीलचे डाव आले आणि त्या गेल्या. मला ते आठवत नाही. पण दवली हा शब्द ऐकताच माझं ठरलं. स्वयंपाकघरातली वस्तू, रोज हातात येणारी, आणि कामातून गेली की चुलीत घालता येणारी.

पुढचा दीड महिना मी दवली केली. हे वाक्य हास्यास्पद आहे हे मला कळतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असली दवली मला आलेल्या खर्चाच्या निम्म्यात मिळाली असती. पण कोणाला करून बघायची असेल तर माझ्या चुकांचा उपयोग होऊ दे.

नारळ पूर्ण जून हवा. कोयत्याने फोडला तर सरळ फुटेलच असं नाही, मी चार फोडले आणि चारही नकाशासारखे फुटले. (घरात आठवडाभर प्रत्येक गोष्टीत खोबरं होतं.) पाचव्याचं पाणी आधी डोळ्यातून काढून घेतलं, पोटावर पेन्सिलीने गोल रेघ मारली आणि हॅक्सॉच्या पात्याने रेघेवरून हळूहळू फिरवत कापला. खोबरं आडाळ्यावर खवून काढलं. आत चिकटून राहिलेला पापुद्रा ओला असताना सुटत नाही. वाटी दोन दिवस गॅसच्या शेजारी ठेवली, तो वाळून आपोआप सुटला. बाहेरची शेंडी आधी सुरीने, मग फुटक्या काचेच्या धारेने खरवडायची. काच सुरीपेक्षा चांगलं काम करते, पण जाड फडकं हाताला गुंडाळून.

मग घासणं. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागायचा, ८० नंबरचा, मग १२०, मग २२०. नंबर वाढतो तसा कागद बारीक. घाई करून ८० वरून थेट २२० वर उडी मारली तर ८० चे ओरखडे तसेच राहतात आणि तेल लावल्यावर जास्तच उठून दिसतात, हा माझा शोध. करवंटीची भुकटी फार बारीक असते, नाकात जाते, शिंकलात तर रुमाल तपकिरी. मी पडवीत बसून, तोंडाला पंचा बांधून घासायचो. समोरून जाणारे लोक विचारायचे, "काय बरं नाही?" शेवटचा हात ४०० च्या वॉटर पेपरचा. तो पाण्यात बुडवून चालवायचा, म्हणजे भुकटी उडत नाही. आणि त्या शेवटच्या हाताला एक गंमत होते. तोवर मातकट, निर्जीव दिसणारी ती वाटी पाणी लागल्याबरोबर गडद होते, आतल्या तंतूंच्या फिक्या रेघा वर येतात, एखाद्या जुन्या शिसवी खांबासारख्या. पाणी वाळलं की त्या परत लपतात. मी सात-आठ वेळा ओली करून पाहिली. बायको दारात उभी होती ते मला नंतर कळलं.

खोबरेल तेलाचे दोन हात दिले की तो रंग टिकतो. वार्निश नको, ते तोंडात जाणार.

ड्रिल शेजाऱ्यांचं. काठाच्या जरा खाली, एकाच बाजूला, थोड्या अंतरावर दोन भोकं. दांडा एका भोकातून आत शिरतो, वाटीच्या पोटातून आडवा जाऊन दुसऱ्यातून बाहेर येतो. भोक पाडताना आतून लाकडाचा तुकडा धरायचा, नाहीतर करवंटीचा कपचा उडतो. मग गोल कानशीने भोकं दांड्याच्या मापाची करायची, दांडा ठोकून बसेल इतकीच. दांड्याला मी परसातला कोंडा तोडला. हिरवागार, सरळ, सुरीखाली लोण्यासारखा तासला जाणारा. तासताना मला माझाच अभिमान वाटला. घट्ट बसला. उलटी करून झटकली तरी हलला नाही.

आईने दवली हातात घेऊन बघितली, दांडा नखाने दाबला. "कोंडो ओलो आसा," एवढंच म्हणाली. मी ते कौतुक समजलो.

दवली व्हायची होती तेवढ्यात बाकी छोटी-छोटी कामंही केली. शेजारची मावशी ख्रिश्चन आहे, वाड्यात कोणाच्याही घरी बाळ झालं, घर कुठल्याही देवाचं असो, की तिच्याकडून क्रोशाची टोपी येते. पोर्तुगीज काळात आलेली ही विणकाम-लेसची कला अशा मावश्यांच्या हातांत अजून आहे. तिने मला साखळीचा टाका शिकवायला घेतला. माझी साखळी इतकी आवळलेली की सुई दुसऱ्यांदा आत शिरेना. ती म्हणाली, दोरा धरायचा नसतो, तो बोटावरून जाऊ द्यायचा असतो. एका संध्याकाळीत मी वीतभर साखळी केली. तिचं पुढे काही होणार नव्हतं, पण दवली बांधायला दोरी म्हणून चालली. माटोळीतल्या घागऱ्या तोवर खडखडीत वाळल्या होत्या. शेंग हलवली की आतल्या बिया वाजतात, म्हणून तर घागऱ्या. त्यांचा एक झुबका त्या साखळीला बांधला.

कार्ड मात्र जमलं, आणि ते मला कावीमुळे सुचलं. गोव्यातल्या आणि कारवारकडच्या जुन्या देवळांच्या, काही जुन्या घरांच्या भिंतींवर ती लाल-पांढरी नक्षी तुम्ही पाहिली असेल. ती रंगवलेली नसते, खरवडलेली असते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असताना टोकदार हत्याराने लाल तेवढं खरवडून काढायचं. खालचा पांढरा वर येतो, आणि नक्षी होते ती त्याची. रंग दोनच, आणि चूक झाली तर पुसायची सोय नाही.

घरी चुना मळायचं कारण नाही. जाड पांढरा कार्डपेपर घ्या, पांढरी मेणबत्ती त्यावर दाबून घासा, कुठेही कोरा राहता कामा नये. कुंडीला लावतात ती गेरू थोड्या फेव्हिकॉलमध्ये घट्ट कालवा. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घाला, नाहीतर मेणावर रंग ठरत नाही, थेंब थेंब होऊन पळतो. दोन हात द्या, वाळू द्या. मग रिकामी झालेली बॉलपेन घेऊन कोरा. बोटाखाली मेण जरा दबतं, गेरूचा बारीक चुरा निघतो आणि मागे पांढरी रेघ राहते. मी माटोळी काढली. चौकट, तिला लटकलेले गोल, लांबट, वाकडे आकार. मुलीने विचारलं, "पप्पा, हे वाळत घातलेले कपडे का?" पण तिने मग स्वतःसाठी दोन कार्डं केली, मैत्रिणींना. तिच्या बोटांना गेरू लागली होती आणि मोबाईल तासभर टीपॉयवर पालथा पडला होता. माझ्या लेखी त्या दिवाळीतलं हेच मोठं यश. नरकासुराच्या रात्री वाड्यातली पोरं पहाटेपर्यंत जागी, तशी ही जागी, आणि खाली सगळीकडे लाल चुरा.

भाऊबीजेला मी दवली वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. बहिणीने ओवाळलं. तबकात ठेवलं ते पुडकं पाकिटाहून पुष्कळ मोठं होतं, निरांजन सरकवावं लागलं. या वेळी तिने फ्रिजवर ठेवलं नाही. तिथेच मांडी घालून उघडलं. घागऱ्या वाजल्या. कार्ड बघून तिने लगेच ओळखलं, "माटोळी!" आणि बोट ठेवून दाखवलं, "हा चिबूड." मी चिबूड काढला नव्हता, पण बोललो नाही.

"लगेच वापरते," म्हणून ती उठली. त्या दिवशी तिच्याकडे खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, होतं. तिरफळांचा वास दारापर्यंत. तिने दवली टोपात घातली, एक वेढा दिला, आणि दुसऱ्या वेढ्याला दवली दांड्यावर गर्रकन फिरून पालथी झाली. वर घेतलेलं खतखतं परत टोपात. तिने पुन्हा भरली. पुन्हा पालथी. दांडा भोकात खुळखुळ वाजत होता.

"दादा, ही तर नाचते!"

ती इतकी हसली की तिची सासू बाहेरून आत आली. तिनेही दवली हातात घेतली, दांडा नखाने दाबला, अगदी आईने दाबला होता तसा, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पावसांतलो कोंडो मरे?"

मग मला कळलं की आईचं ते वाक्य कौतुक नव्हतं. पावसात तोडलेल्या कोंड्यात पाणी भरलेलं असतं. वाळला की तो आक्रसतो, भोक मात्र आहे तेवढंच राहतं. शिवाय असल्या कोंड्याला कीडही लवकर धरते. तोडायचा तो थंडीत, आणि सावलीत काही महिने वाळवून मगच हात लावायचा. माझा दांडा दोन-तीन आठवड्यांत दवलीतच वाळला होता. आईला हे दिसत होतं. मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मी विचारलं नाही कारण मला ती दवली सगळी माझी हवी होती.

सासूबाईंनी दवली पाण्याच्या बादलीत टाकली. आमचं पहिलं वाढप स्टीलच्या डावाने झालं. अर्ध्या तासाने दांडा फुगून घट्ट झाला आणि दुसरं वाढप दवलीने. भाच्याने मुद्दाम तिसऱ्यांदा खतखतं घेतलं.

तिथून पुढे ती दवली दर चार दिवसांनी सैल व्हायची आणि बादलीत जायची, असं बहीण फोनवर सांगायची. पूर्वी आमचे फोन महिन्याला एक, तेही आईच्या तब्येतीचे. आता दवलीची तब्येत. "आज परत नाचली." "काल बरी होती, सोलकढी वाढली." एकवीस पाकिटं दिली, एकही दुरुस्तीला आलं नव्हतं.

जानेवारीत भाचा काही कामाने डिचोलीला आला तेव्हा त्याच्या पिशवीत वर्तमानपत्राचं पुडकं होतं. दवली परत आली होती. वाटी आतून गडद झालेली, काठाला हळदीची कड, घागऱ्या दोनच उरलेल्या. तिच्यात मूठभर सोलं, रबरबँड लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत.

सोलं आईने बरणीत ओतली. मग दवली मांडीवर घेऊन बसली, जुन्या खराट्याचे दोन हीर दुमडून भोकात कोंबले, वरून दांडा मारला. "मे मेरेन चलतली," म्हणाली, म्हणजे मेपर्यंत चालेल. मग जरा थांबून, टीव्हीचा आवाज कमी करून, तिने मला परसात पाठवलं. कुठल्या बेटातला कोंडा, किती जाड, किती पेरांचा, ते आधी सांगून. तोडून आणलेला तिने उन्हाकडे धरून बघितला आणि नको म्हणाली. दुसरा आणला. तो आता माळ्यावर आहे, आडव्या वाशांना बांधलेला, आणि त्याला हात लावायची मला परवानगी नाही.